लाडवांनी तोललेले सेठजी आणि माझी नवी नोकरी

संपादकांचा फोन आला, की यंदाच्या दिवाळी अंकासाठी काहीतरी थरारक लिहा. वैमानिक आहात, वादळ, बिघाड, थोडक्यात बचावलो असं काही असेलच की. मी म्हटलं, आमच्या धंद्यात थरार झाला याचा अर्थ कोणीतरी आधी चूक केलेली असते. सव्वीस वर्षं उडतो आहे आणि सांगण्यासारखा थरार माझ्याजवळ नाही, याबद्दल माझं अभिनंदन करायला हवं. ते जरा हिरमुसले. मग म्हणाले, बरं, जे असेल ते लिहा. म्हणून जे आहे ते लिहितो. यात विमान फारसं उडत नाही, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावं.

मी धारच्या हवाई पट्टीवर वैमानिकांच्या एका शाळेत विमान चालवायला शिकवतो. घर देवासला आहे, कारण बायको वर्षा तिथे शाळेत शिकवते. सोमवार ते शुक्रवार धारला अप्पांकडे, म्हणजे वडिलांकडे, आणि शनिवारी घरी, असं माझं चाललेलं असतं. लग्नाकार्यात ओळख करून देताना नातेवाईक ‘हे पायलट’ म्हणून सांगतात. समोरचा डोळे मोठे करून विचारतो, “कौनसी एयरलाइन में?” कोणत्याच नाही म्हटल्यावर तो माझ्याकडे असं बघतो, जणू मी पायलटचा पोशाख भाड्याने आणला आहे. मोठं विमान चालवणाऱ्या प्रत्येक माणसाला कधीतरी कोणीतरी छोटं विमान शिकवलेलं असतं. हा विचार माळव्यात अजून कोणाला सुचलेला दिसत नाही.

शिकणाऱ्या पोरांबद्दल माझी तक्रार नाही. पोरं घाबरतात, चुकतात आणि शिकतात. तक्रार त्यांच्या बापांबद्दल आहे. सतवासहून एक धान्याचे व्यापारी मुलाला घेऊन आले होते. दोन महिन्यांनी पुन्हा आले ते सांगायला, की उडण्याचे तास एकदम पूर्ण लिहून टाका, मुलगा नंतर सावकाश उडत राहील. मी विचारलं, लिहून टाकतो, पण मग पहिल्या दिवशी त्याच्या शेजारी तुम्ही बसाल का? ते अगदी मनापासून म्हणाले, “मैं क्यों बैठूँ साब, मैं तो व्यापारी आदमी हूँ.” त्यांचा मुलगा मात्र सगळे तास उडाला. आज तो दक्षिणेत कुठेतरी चांगल्या नोकरीत आहे आणि वडील गावात सांगतात, की आम्हीच मागे लागून शिकवलं.

आता वजनाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. छोटं विमान म्हणजे बस नव्हे. बसमध्ये जागा असेपर्यंत माणूस चढतो आणि जागा संपल्यावरही चढतो. विमानात जागा आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागा रिकामी असली तरी वजन भरलेलं असू शकतं. त्यातून ऊन असेल तर हवा पातळ होते, पंखांना कमी उचलते आणि विमानाला जमीन सोडायला जास्त लांब धावावं लागतं. आमची पट्टी लहान आहे. ती संपल्यावर तारेचं कुंपण आहे, आणि कुंपणापलीकडे एका माणसाचं सोयाबीन. म्हणून उडण्याआधी एका कागदावर माणसं, सामान आणि इंधन यांची बेरीज करायची. त्याला लोडशीट म्हणतात. चौथीतल्या मुलाला जमेल एवढंच ते गणित आहे. अवघड काय असेल तर बेरजेत खरे आकडे घालणं.

खरे आकडे कोणी देत नाही. मांडूला पर्यटकांची गर्दी असायची त्या दिवसांत काही वर्षं एका कंपनीसाठी मी लोकांना डोंगरावरून फेरी मारून आणायचो. वजन विचारलं की बायका दहा किलो कमी सांगत आणि पुरुष दहा किलो जास्त. दोन्ही चुका एकमेकींना खातात म्हणून आमच्या मॅनेजरला त्याचं काही वाटत नसे. एकदा तिघांची जागा एकट्या व्यापतील अशा एक आत्याबाई आणि त्यांचा नातू असे दोघे आले आणि दोघांचं मिळून पन्नास किलो सांगितलं. नातू एकटाच चाळीसचा होता. त्यानंतर मी धारच्या मंडीतून जुना लोखंडी काटा आणला, भोवती पडदा लावला आणि सांगितलं, आकडा फक्त मी बघणार, कोणाला सांगणार नाही. तो काटा आता आमच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमध्ये आहे. शिकणारं प्रत्येक पोर दर वेळी त्याच्यावर उभं राहून मगच विमानात बसतं. पोरं मागून माझी नक्कल करतात, हे मला ठाऊक आहे.

तर गेल्या उन्हाळ्यात मला नोकरीचा प्रस्ताव आला.

देवासला सोयाबीनचं तेल काढणारे एक सेठजी आहेत. नाव लिहीत नाही, नुसतं सेठजी म्हणतो, कारण त्यांना सगळेच तसं म्हणतात, घरची माणसंसुद्धा. त्यांनी दोन इंजिनांचं, सहा-सात माणसं नेणारं एक विमान विकत घेतलं होतं. इंदूरच्या विमानतळावर उभं करायला भाडं फार पडतं म्हणून ते धारच्या पट्टीवर ठेवत. म्हणजे माझ्या वर्गाच्या खिडकीसमोर. आमची शिकवायची विमानं म्हणजे पंखे लावलेल्या रिक्षा. हे विमान वेगळं होतं. उंच जाणारं, ढगांच्या वरून नेणारं, आत सगळी यंत्रं नवी. तरुणपणी भोपाळच्या एका कंपनीत तीन वर्षं मी याच जातीचं विमान चालवलं होतं. ती कंपनी बुडाली आणि मी शिकवायला लागलो. सेठजींचं विमान आल्यापासून शिकवताना माझी नजर खिडकीबाहेर जाते, हे पोरांच्याही लक्षात आलं होतं.

ते विमान चालवणारे कॅप्टन माथुर आता मोठ्या शहरात जाणार होते. त्यांनीच माझं नाव सुचवलं. पुढच्या शनिवारी सेठजींचे मॅनेजर त्रिवेदी देवासच्या घरी आले. त्रिवेदी पस्तिशीचे, सूटबूट घातलेले, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘राइट?’ विचारणारे. पगार शाळेतल्या माझ्या पगाराच्या दुपटीहून जास्त होता. तो आकडा सांगताना त्यांनी आवाज खाली आणला, जणू शेजाऱ्यांच्या कानावर जाऊ नये. मी सुट्या किती, इंजिनची तपासणी कोण करतं, इन्शुरन्स कोणाच्या नावावर, असं विचारत गेलो. त्रिवेदींना पगाराखेरीज एकाही प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. ते म्हणाले, सेठजींकडे माणूस एकदा आला की घरचाच होतो, असे प्रश्न कोणी विचारत नाही.

वर्षाने चहा ठेवता ठेवता विचारलं, “आणि घरचा माणूस आजारी पडला तर?”

त्रिवेदी हसले. तो विनोद नव्हता.

ते गेल्यावर आम्ही दोघं बोललो. वर्षाचे वडील कोल्हापूरहून देवासला कारखान्यात नोकरीसाठी आले आणि तीस वर्षं एकाच मशीनवर काम करून निवृत्त झाले. पहिल्या तारखेला पगार येणं ही त्या घरात देवपूजेसारखी गोष्ट होती. आमच्या शाळेचा पगार मात्र कधी पाच तारखेला येतो, कधी वीस. शाळेची दोन विमानं सुट्या भागांवाचून उभी होती आणि मालक शाळा दुसरीकडे हलवायच्या गोष्टी करत होता. माझं वय बावन्न. पुन्हा असं विमान मिळायचं असेल तर आत्ताच, हे मला कळत होतं. मी वर्षाला पगाराचंच जास्त सांगितलं. विमानाचं कमी सांगितलं. या वयाला ते शोभत नाही असं वाटलं.

ती म्हणाली, “हो म्हणायची घाई करू नका. आधी माणसं बघून या.”

धारला अप्पांना सांगितलं. आमच्या पूर्वजांनी चार पिढ्या दरबारची नोकरी केली, आणि अप्पा स्वतः मास्तर असले तरी अजून तीच भाषा बोलतात. ते म्हणाले, “चाकरी करावयाची तर राजाची करावी. तेलवाल्याची काय म्हणून?” मी म्हटलं, अप्पा, राजाची चाकरी म्हणजे तरी काय होतं, त्यांच्या शिकारीचा हिशेब ठेवणंच ना. ते रागावून अंगणात जाऊन बसले. मला मात्र त्यांचाही राग आला होता आणि त्रिवेदींचाही. नोकरी कोणाची हा प्रश्नच नव्हता. ती कशी करू देतील, एवढाच प्रश्न होता.

त्रिवेदींचा पुन्हा फोन आला. सेठजी मुलाच्या साखरपुड्यासाठी उदयपूरला विमानाने निघाले आहेत, माथुर चालवतील, तुम्ही शेजारी बसून चला. सेठजी तुम्हाला बघतील, तुम्ही सेठजींना बघा, आणि संध्याकाळी हो की नाही ते सांगा. हे मला पटलं.

मे महिना होता. निघायचं ठरलं होतं सकाळी सातला. माथुर साडेसहापासून पंख्याखाली बसला होता आणि लोडशीट भरून त्याने खिशात ठेवली होती. माणसं आली नाहीत आणि शीट तयार कशी, असं मी विचारलं. माथुर माणूस चांगला आहे. हात उत्तम आहे, उतरतो तर कळत नाही कधी चाकं टेकली. पण आयुष्यात कोणाशी वाद घालायचा नाही असं त्याने ठरवलेलं आहे. तो म्हणाला, “भिया, सात आदमी, पचहत्तर-पचहत्तर के. ऊपर से चालीस किलो सामान. हो गया.”

पंच्याहत्तर किलोचा माणूस कागदावरच राहतो. सरासरी काढायला तो ठीक आहे. मोठ्या विमानात दीडशे लोक असतात, तिथे जाड आणि बारीक मिळून हिशेब जमतो. सात माणसांत जमत नाही. विशेषतः ती सातही माणसं तुपातली असतील तर.

सेठजी आले दुपारी दोन वाजता. ऊन असं होतं, की पट्टीवर पाणी साचल्यासारखं दिसत होतं. दोन गाड्या. पहिलीतून सेठजी, सेठाणीजी आणि सेठजींचे मेहुणे उतरले, ज्यांना सगळे साले साहब म्हणत. दुसरीतून पंडितजी, फोटोग्राफर आणि त्रिवेदी. त्रिवेदी नुसते सोडायला आले होते. मग सामान उतरू लागलं. साड्यांच्या बॅगा, फळांच्या पेट्या, आणि चार मोठे खोके. मी विचारलं, यांत काय? त्रिवेदींनी अभिमानाने सांगितलं, लड्डू.

त्याची हकिकत अशी. आदल्या दिवशी हाटपिपल्याला सेठजींचा सत्कार झाला होता. आमच्याकडे पुढाऱ्यांची आणि पैसेवाल्यांची लाडवांनी तुला करतात. मोठा सजवलेला तराजू, एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात लाडवांचे डबे, आणि माइकवर कोणीतरी प्रत्येक डबा मोजत असतो. माणूस जितका जड तितका मान मोठा. सेठजींच्या वेळी माइकवरून जाहीर झालं होतं, एकशे एकवीस किलो. त्यातले काही डबे तिथे वाटले, उरलेले उदयपूरच्या व्याह्यांना दाखवायला बरोबर घेतले होते.

मी माथुरला म्हटलं, हे चालणार नाही, सगळ्यांना काट्यावर घे. माथुर हळूच म्हणाला, “पागल हो क्या? सेठजी को काँटे पे खड़ा करोगे?”

“कल तो खड़े हुए थे. माइक पे.”

हे मी हळू बोललो नाही, असं माथुरचं म्हणणं आहे. सेठजींनी ऐकलं. साठीचा, गोरापान, पांढऱ्या कपड्यांतला माणूस. आवाज अगदी मऊ. त्यांनी विचारलं, नए कप्तान क्या बोल रहे हैं? मी नमस्कार केला आणि सरळ सांगितलं, की या उन्हात या पट्टीवरून पूर्ण इंधन भरल्यावर विमान माणसं आणि सामान मिळून पाचशे पंच्याहत्तर किलोच उचलेल, म्हणून सगळ्यांचं वजन करावं लागेल. सेठजी म्हणाले, “कल की बात अलग थी. वो लोगों का प्रेम था.”

मी म्हटलं, “विमान को प्रेम समझ में नहीं आता, सेठजी.”

पंडितजी आकाशाकडे बघत राहिले. नोकरी इथेच संपली असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, माझी नजर विमानाकडे गेली. पण तेवढ्यात सेठाणीजी पुढे झाल्या. डोक्यावरचा पदर सावरून त्या हँगरच्या दिशेने चालू लागल्या आणि म्हणाल्या, “चलो, कठे है थारो काँटो?” पडद्यामागे त्या उभ्या राहिल्या, मी आकडा बघितला, मान हलवली, त्या उतरल्या. त्या सगळ्या मंडळींत कसलाही बाऊ न करता वजन देणारी ती एकटी बाई. मग बाकीचेही एकेक करून चढले, आणि शेवटी सेठजींना यावंच लागलं.

सेठजी चपला काढून काट्यावर चढले. देवळात चढतात तसे. मी आकडा बघितला आणि पुन्हा बघितला. सत्त्याण्णव.

मी कोणाला सांगणार नव्हतो. पण सेठजी पुढे वाकून स्वतःच बघत होते. त्यांचा चेहरा उतरला. एवढ्या वर्षांत काट्यावर वजन कमी भरलं म्हणून दुखावलेला माणूस मी पहिल्यांदा बघितला. ते म्हणाले, तुम्हारा काँटा झूठा है. मी शेजारची वीस किलोची दोन मापं काट्यावर ठेवली. चाळीस. काढली, पुन्हा ठेवली. चाळीस. मग मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी लाडवांचा एक खोका उघडायला लावला. आत पुठ्ठ्याचे डबे, प्रत्येकावर छापलेलं एक किलो. ऑफिसमधून पत्रं तोलायचा छोटा काटा आणून त्यावर एक डबा ठेवला. आठशे ग्रॅम. दुसरा ठेवला. आठशे.

एकशे एकवीस डबे, आठशे ग्रॅमचा एक. गुणाकार तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला येत होता. डब्यांची ऑर्डर साले साहबांनी दिली होती. आणि सत्काराचा सगळा खर्च सेठजींनी स्वतःच केलेला होता, हे मला नंतर कळलं. म्हणजे या गृहस्थाने स्वतःच्या खर्चाने स्वतःची तुला करून घेतली, मेहुण्याने त्यात प्रत्येक डब्यामागे दोनशे ग्रॅम मारले, आणि माणूस वर्षभर लोकांना सांगत राहिला असता, की मी एकशे एकवीस किलोचा आहे.

सेठाणीजी भावाकडे न बघता म्हणाल्या, “म्हने तो पेलां ज कयो थो.” म्हणजे मी तर आधीच म्हटलं होतं.

सेठजी ओरडले नाहीत. साले साहबांना एवढंच म्हणाले, “तू मत चल.” साले साहब काट्यावर एकशे चार भरले होते, ते बाजूला झाले. मग सेठजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आदमी ऐसा चाहिए. त्रिवेदी, इनका आज से ही लगा दो.” आणि मला म्हणाले, काटा कारखान्यात पण आणा, आमच्याकडे सगळेच चोर आहेत.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी मनात हो म्हणून टाकलं होतं. दुप्पट पगार, समोर ते विमान, आणि खऱ्या आकड्याला मान देणारा मालक. माथुरनेही डोळ्यांनी शाबासकी दिली.

सामान तोलून मी बेरीज केली. साले साहब धरून सातशे एक झालं होतं, ते वजा जाता पाचशे सत्त्याण्णव. म्हणजे अजून बावीस किलो जास्त. चार खोक्यांपैकी दोन विमानात चढले होते, दोन गाडीत. मी त्रिवेदींना म्हटलं, विमानातला एक खोका आणि थोडी फळं उतरवा, निघू या.

सेठजी शिडीवर एक पाय ठेवून उभे होते. ते म्हणाले, “उतारना क्यों? साला तो उतर गया ना. उसकी जगह खाली है. बाकी के दो भी चढ़ा दो.”

मी समजावून सांगितलं. जागा वेगळी आणि वजन वेगळं. ते ऐकत होते, मान डोलावत होते. मग त्यांनी त्याच मऊ आवाजात माथुरला विचारलं, जाएगा ना? माथुरने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, जाएगा सेठजी, थोड़ा तेल कम कर देते हैं. तेल कमी म्हणजे इंधन कमी. उदयपूरला वारा उलटा असला, उतरायला थांबवलं, दुसरीकडे वळावं लागलं, तर त्यासाठी जे जादा ठेवायचं असतं ते. सेठजी खूश झाले. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “देखो कप्तान साब, काँटा नौकरों के लिए ठीक है. आप तो अब घर के आदमी हो.”

खोके चढू लागले. व्याह्यांना दाखवायला कमी वजनाचेच लाडू जाणार होते, आणि ते कमी वजनाचे आहेत हे आता सगळ्यांना माहीत होतं, तरी जाणार होते. बेरीज पुन्हा केली. सहाशे पस्तीस. साठ किलो जास्त. माझं स्वतःचं वजन चौऱ्याहत्तर.

मी माथुरच्या हातातून शीट घेतली, माझं नाव खोडलं, खाली पाचशे एकसष्ट लिहिलं आणि त्याला म्हटलं, आता तेल कमी करू नकोस, पूर्ण ने. तो म्हणाला, भिया, तुम बैठो ना, इतने में क्या होता है. मी म्हटलं, माझ्या जागी दोन खोके लाडू चालले आहेत, ते तुझ्याशी वादही घालणार नाहीत. सेठजींना काय झालं ते नीट कळलंच नाही. ते वर जाऊन बसले होते. त्यांना वाटलं, मी काटा आणायला गेलो.

विमान सुटलं. पट्टी बरीच शिल्लक असतानाच चाकं उचलली गेली, दोन्ही इंजिनांचा आवाज एकसारखा. वळण घेताना पंख उन्हात चमकला. माथुरचा हात खरंच चांगला आहे.

देवासला परतताना त्रिवेदींच्या गाडीत मागे साले साहब आणि मी शेजारी-शेजारी बसलो. विमानातून उतरलेलं दोघांचं मिळून वजन एकशे अठ्ठ्याहत्तर. साले साहबांना अजिबात लाज वाटत नव्हती. त्यांनी मला शेव दिली. म्हणाले, जीजाजी ऐसे ही हैं, शाम तक भूल जाएँगे, बाईस साल से देख रहा हूँ, आप नौकरी ले लो, दिल के बहुत अच्छे हैं. मी विचारलं, बावीस वर्षांत असं किती वेळा झालं? ते हसून म्हणाले, गिनता कौन है.

इंदूरच्या अलीकडे त्यांना फोन आला. सेठजी उदयपूरला उतरले होते. व्याह्यांसमोर मेहुणा नाही हे बरं दिसत नाही, म्हणून रात्रभर गाडी चालवून ये, असा हुकूम होता. साले साहब “जी जीजाजी, जी जीजाजी” म्हणत राहिले. मग फोनवर हात ठेवून मला म्हणाले, “पूछ रहे हैं, कप्तान का हाँ समझें?”

मी म्हटलं, “ना समझें.”

त्यांनी ते तसंच पुढे सांगितलं की काय, मला माहीत नाही. गाडी तिथेच उलटी वळवायची होती. त्रिवेदींनी मला हमरस्त्यावर सोडलं आणि खिडकीतून म्हणाले, आपने बहुत बड़ी गलती की, राइट? मी देवासची बस धरली. बस भरलेली होती. कंडक्टर ओरडत होता, पीछे जगह है, पीछे जगह है.

नंतर माथुरकडून कळलं, की त्याच्या जागी दिल्लीचा कोणी आला. तोही शीट सकाळीच भरून ठेवतो म्हणे. मी काय सुधारलं? काहीच नाही. एका दुपारी एका विमानाचं गणित बरोबर आलं, तेही मला वजा केल्यावर. आमच्या शाळेचा पगार त्या महिन्यात बावीस तारखेला झाला.

त्या संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा वर्षा वह्या तपासत होती. मी सगळं सांगितलं, सेठाणीजी, काटा, डबे, खोके. लाडवांच्या डब्याला ती हसली. नोकरीला ‘नाही’ म्हणून आलो, असं सांगितल्यावर तिने लाल पेन बंद केलं. घराचे हप्ते, मुलीची फी, शाळेचं काय होणार, हे तिच्या डोक्यात चाललं असणार, आणि ते सगळं विचारायचा तिला हक्क होता. मी उत्तरं तयार ठेवली होती.

तिने विचारलं, “आतून कसं होतं हो विमान?”

पट्टीवर त्या दिवशी आठ-दहा माणसं भेटली असतील, त्यांच्यापैकी कोणी हे विचारलं नव्हतं. निघायच्या आधी, सकाळी, सेठजींची वाट बघत असताना मी तासभर एकटाच त्या डाव्या खुर्चीत बसलो होतो. ते मी वर्षाला सांगायला लागलो. हँडलची पकड कशी होती, कोणता काटा कुठे होता, समोरची काच किती रुंद, आणि बसल्यावर पाय आपोआप जागेवर कसे जातात. तिला त्यातलं निम्मं कळलं नसेल. ती वह्या बाजूला सारून ऐकत होती. जेवणाची पानं घ्यायची राहून गेली.